गेणू आणि फाट्यावरची फरशी

वरकुट्याच्या शाळेत माझी बदली झाली त्या पहिल्याच आठवड्यात मी वस्तीवरच्या मुलांची नावं पटावर घ्यायला निघाले होते. पांढरेवस्ती कालव्याच्या फाट्यापलीकडे. फाट्यावर पूल म्हणावं असं काही नव्हतं. पाण्याच्या मधोमध एक दगडी खांब आणि दोन्ही काठांवरून त्यावर टेकवलेल्या लांबलचक फरश्या. एक माणूस आणि त्याच्या शेजारून एक मेंढरू जाईल एवढी रुंदी. मी सायकल हातात धरून अलीकडच्या टोकाला पोचले, तेव्हा पलीकडून एक कळप फरशीवर चढायच्या बेतात होता. पुढच्या माणसानं मला पाहिलं, काठी आडवी धरली आणि सगळी मेंढरं जागच्या जागी थांबवली.

“येऊ द्या की आधी मेंढरं,” मी म्हणाले. “मला घाई नाही.”

“मेंढरान्लाबी न्हाय,” तो म्हणाला.

मी सायकल ढकलत निघाले. तो माझ्याकडे पाहत नव्हता, सायकलच्या मागच्या चाकाकडे पाहत होता. मी पलीकडे उतरल्यावर म्हणाला, “परत येताना दुसऱ्या अंगानं या, बाई. ही कड हालती.” मग त्यानं काठी उचलली आणि कळप एकेक करून फरशीवर चढला.

हा गेणू पांढरे. त्या वेळी तिशीचा असेल. फाटा खणला गेला तेव्हा वस्ती गावापासून तुटली होती, आणि ती फरशी त्याच्या वडलांनी भावकीला हाताशी धरून टाकली होती. वडलांच्या काळी मोठा कळप होता, दिवाळी झाली की तो घेऊन कोकणात उतरायचे. गेणूच्या वाट्याला थोडी मेंढरं आणि फाट्याच्या पाण्यावर भिजणारा थोडा ऊस आला होता. दोन्ही तो सारख्याच शांतपणे सांभाळायचा.

त्याची एक सवय मला पुढं फार दिवस आठवत राहिली. कुणी बोलत असलं की तो मध्ये तोंड घालत नसे. बोलणारा थांबला की त्याचं शेवटचं वाक्य हलक्या आवाजात स्वतःशी म्हणून बघायचा, रुपया वाजवून बघावा तसं. पालकसभेत मी सांगायची, “मुलांना रोज शाळेत पाठवा.” मागच्या भिंतीला टेकलेला गेणू पुटपुटायचा, “रोज पाठवा.” आणि पाठवायचा. त्याचा मुलगा शंभूराज माझ्या वर्गात चौथीपर्यंत होता, एक दिवस चुकला नाही. गेणूला लिहितावाचता येत नव्हतं, पण शिकलेला माणूस जे बोलतो ते विचार करूनच बोलत असणार, असं तो धरून चालायचा.

साखरबाई, त्याची बायको, अगदी उलट. ती बोलायला लागली की गेणू बसून घ्यायचा. पहिल्याच भेटीत तिनं मला विचारलं होतं, “बाई, तुमचं मालक काय करत्यात?”

“एस.टी.त कंडक्टर आहेत.”

“म्हंजी घरी नसत्यातच.” तिनं गेणूकडं बघितलं. “बरं हाय एकेकीचं.”

गेणू हसला नाही, पण त्याला ते आवडलं होतं. त्याचे कान हलायचे. माणसाचे कान हलताना मी त्याच्याच पाहिले.

मी निवृत्त होऊन इंदापुरात राहायला आले. शंभूराज आय.टी.आय. करून बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात लागला. आठवड्याच्या बाजाराला गेणू इंदापूरला आला की माझ्याकडं चहाला येई. त्याच्याकडूनच कळलं की साखरबाईच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं आहे. डोकं दुखतं म्हणून ती किती वर्षं दुकानातल्या गोळ्या खात होती, आणि रक्तदाब कधी कुणी मोजलाच नव्हता. आता आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, बारामतीला डायलिसिस. उपचार मोफत होता. अडचण होती ती वस्तीवरून निघायची.

गावातला झुंबर रिक्षा चालवायचा. त्याची रिक्षा फाट्याच्या अलीकडं थांबायची, कारण फरशीवरून ती जाणं शक्य नव्हतं, आणि वस्तीच्या बाकी तिन्ही बाजूंना लोकांचा ऊस, गाडीवाट नाही. सुरुवातीला साखरबाई गेणूच्या खांद्यावर हात ठेवून चालत यायची. मग पाय सुजायला लागले. मग खुर्चीत बसवून नेणं आलं, आणि शेवटी बाजेवर. फरशीवर दोन माणसं शेजारी मावत नाहीत, त्यामुळं एक पुढं आणि एक मागं. मागं झुंबर. पुढं गेणू, आणि तो उलटा चालायचा. तिचं तोंड दिसावं म्हणून. अख्खी फरशी पाठीमागं न बघता, पायानं चाचपत.

दिवाळीनंतर एका गुरुवारी त्या हलत्या कडेवर झुंबरचा पाय सरकला. बाज कलली, साखरबाईनं हवेतच काहीतरी धरायला हात टाकला. पडली नाही. पण खाली भरलेला फाटा वाहत होता, आणि गेणू त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही. त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती: फाट्यावर असा पूल, की झुंबरची रिक्षा थेट दारात यावी आणि साखरबाई दारातून उठून रिक्षात बसावी.

ग्रामपंचायतीचे सदस्य बापूसाहेब यांनी मनावर घेतलं. माणूस मोठा खटपट्या, पांढऱ्या टोपीखाली कायम पेन खोचलेलं. ठराव झाला, अर्ज झाला, साहेब येऊन फाटा मोजून गेले. पौष महिन्यात बापूसाहेब सांगत आले की पुलाचं नाव लागलंय, मार्चच्या बजेटात येईल.

ते चोवीस साल. लोकसभेच्या निवडणुकांचं. अशा वर्षी सरकार पूर्ण अर्थसंकल्प मांडत नाही. निवडणूक होऊन जाईपर्यंतच्या चार महिन्यांच्या खर्चाला विधिमंडळाकडून मंजुरी घेतं. त्याला लेखानुदान म्हणतात. पगार होतात, पेन्शनी होतात, जे सुरू आहे ते सुरू राहतं. माझी पेन्शन नेहमीसारखी जमा झाली. नव्या कामाचा मात्र पूर्ण अर्थसंकल्प येईपर्यंत विचार नसतो. मी नागरिकशास्त्र शिकवलं असल्यानं मला हे ठाऊक होतं. गेणूला ते इंदापूरच्या एका कचेरीत कळलं.

मी तिथं नव्हते. बापूसाहेब आणि गेणू, दोघांनी मला तो प्रसंग नंतर वेगवेगळा सांगितला, पण मधलं बोलणं दोघांच्या तोंडी सारखंच होतं. साहेब तरुण होते आणि नीट बोलले. यंदा पूर्ण बजेट पावसाळ्यात येईल, म्हणाले. तोवर तात्पुरता खर्च चालवायची मंजुरी आहे. चालू कामं थांबणार नाहीत, नवीन काम घेता येणार नाही.

“चालू म्हंजी कंचं, सायेब?” गेणूनं विचारलं.

“जे सुरू झालंय ते,” साहेब म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“जे सुरू झालंय ते,” गेणू स्वतःशी म्हणाला.

परतीच्या एस.टी.त त्यानं दोघांची तिकिटं काढली. मग बापूसाहेबांना म्हणाला, “बापूसाहेब, समजा कालव्याचं पाणी बंद करायचा हुकूम वरनं आला. आन् माजं रान अर्धं भिजलंय. तर पाटकरी काय करतो?”

पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा, मिटणारा माणूस.

“काय करतो? तुजं रान भिजू देतो,” बापूसाहेब म्हणाले. “लागलेलं पाणी तोडतंय का कोण?”

“आन् ज्याच्या बांधाला अजून पाणीच आलं न्हाय?”

“त्यो बसतो पुडल्या पाळीची वाट बगत.”

“मग आपून का बसायचं?”

आमच्याकडं ही रीत फार जुनी आहे. पाण्यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात, पण एकदा एखाद्याच्या रानात पाणी शिरलं की त्याची शेवटची सरी भिजेपर्यंत दार मिटत नाहीत. वैऱ्याचं रान असलं तरी नाही. कारण अर्धं भिजलेलं रान कोरड्या रानापेक्षा वाईट, ते उगवतंही नाही आणि सोडवतही नाही. गेणू आयुष्यभर रात्रंदिवस पाण्याची दारं धरत आलेला. वरून काहीतरी येतं, पाळीपाळीनं येतं, कमी पडलं की बंद होतं. हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. सरकारचा पैसाही तसाच येत असणार. तर मग आपल्या रानात तो एकदा लावून घ्यायचा, म्हणजे कुणी तोडणार नाही. बापूसाहेबांनाही ते पटलं. कचेऱ्यांत आयुष्य घालवलेला तो माणूस, पण तोही आधी शेतकरीच.

दोनच दिवसांनी काम सुरू झालं. फाटा कोरडा होता, तळाचा गाळ वाळून भेगाळला होता, वस्तीवरची पोरं त्यात खेळत होती. गेणूनं पहार आणली. भावकीतली चार माणसं आली. साखरबाईची बाज काठावर सावलीला आणून ठेवली होती, कारण एवढी गंमत चुकवायची तिची तयारी नव्हती. झुंबर तेवढा कडेला उभा होता. गेणूला तो तात्या म्हणायचा.

“तात्या, नवा बैल दावणीला यायच्या आदी जुना कोण सोडतंय का?” तो म्हणाला.

“नारळ फोडू आन् गप बसू म्हणतोस?”

“व्हय. नारळ फोडा, चार पाट्या माती काढा. फरशी कशाला हालवता?”

“तेवढ्यानं काम चालू दिसत न्हाय,” गेणू म्हणाला. “सायेब इचारंल, जुनं उबंच हाय की. मग काय सांगू?”

“मामंजींनी घातलेली हाय,” साखरबाई बाजेवरून म्हणाली. “खाली मान घालून मोडा. वरनं बगत असतील.” मग झुंबरनं फोटोसाठी मोबाईल काढलेला बघून तिनं पदर तोंडावर ओढला. “मला नगं घिऊस त्यात. सायेब म्हणंल, पूल बाईला पायजे का बाजंला.”

एक फरशी पडताना तीन तुकडे झाली. दुसरी अख्खी खाली आली. मधला खांब संध्याकाळपर्यंत झुंजला. नारळ फोडला, गूळ वाटला, फोटो काढले.

ते फोटो घेऊन बापूसाहेब कचेरीत गेले, तेव्हा साहेबांनी ते बोटानं सरकवत दोनदा पाहिले. “हे कुणी सांगितलं करायला?” त्यांनी विचारलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की चालू काम म्हणजे ज्याची निविदा झाली, ज्याला काम सुरू करण्याचा आदेश मिळाला ते. कालव्यावरचं बांधकाम न विचारता पाडणं हा गुन्हा होतो, हेही सांगितलं. पण त्यांनी तक्रार केली नाही. नवं बजेट आलं की तुमचा पूल पहिल्या यादीत घालतो, म्हणाले. थोड्याच दिवसांत आचारसंहिता लागली आणि तो विषय तिथंच थांबला.

गेणू हे ऐकून खचला असेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण मधले काही आठवडे फरशी नसणं सोयीचंच ठरलं. कोरड्या फाट्यातून बाज नेणं फरशीपेक्षा सोपं होतं. उतार करून घेतला होता, चार माणसं चारी पायांना धरून रमतगमत पलीकडं न्यायची. साखरबाई म्हणाली, “आदीच मोडायला पायजे व्हती ही फरशी.” गेणूचे कान हलले म्हणे.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, धरणात पाणी नव्हतं. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, मिळणार नाही, असंच सगळा तालुका धरून चालला होता. गेणूही. पण ऊस जळायला लागला, लोक ओरडायला लागले, आणि चैत्र संपता संपता कालव्याला पाणी सुटलं. फाट्यावर पाणी पोचलं त्या दिवशी वरकुट्यात लोकांनी हळदकुंकू वाहिलं. गेणूचा ऊसही त्या पाण्याची वाट बघत होता.

छातीइतकं पाणी, आणि ओढ अशी की धडधाकट माणूसही काठी टेकून उतरायला कचरेल. वस्तीच्या माणसांनी बाभळीचे ओंडके आडवे टाकून बघितले, ते वाहून गेले. दुसऱ्यांदा टाकायला घेतले तेव्हा कालव्याची माणसं आली आणि त्यांनी वाहत्या पाण्यात काही टाकू दिलं नाही. त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. फाटा तुंबून फुटला असता तर खालची वस्ती बुडाली असती. आता एकच वाट उरली: फाट्याच्या भरावावरून, पाण्याच्या कडेकडेनं, डांबरी रस्त्याच्या पुलापर्यंत. पाऊलवाट, ती पण शेतकऱ्यांनी पाण्यासाठी टाकलेल्या पाइपांनी ठिकठिकाणी अडलेली.

पहिल्या सोमवारी शंभूराज मोटरसायकल घेऊन आला. पुढं तो, मागं गेणू, मध्ये साखरबाई, आणि तिघांना मिळून एक शाल बांधलेली. प्रत्येक पाइपापाशी उतरायचं, तिला उचलून पलीकडं न्यायचं, गाडी उचलायची, पुन्हा बांधायचं. त्या दिवशी ती बारामतीला पोचली, डायलिसिस झालं. परत आल्यावर म्हणाली, “गुरुवारी मी जात न्हाय.” आणि गेली नाही.

मला हे कळल्यावर मी वरकुट्याला गेले. फाट्यापाशी पोचले आणि थांबले, कारण पुढं जायला काही नव्हतं. झुंबरनं पलीकडं हाक मारली. वस्तीवरच्यांनी साखरबाईला बाजेसकट काठावर आणलं. तीस फुटांचं पाणी मध्ये, आणि आम्ही दोघी दोन काठांवर. तिचं तोंड एवढं सुजलं होतं की आवाज आला नसता तर मी ओळखलं नसतं.

“बाई, चा टाकते,” ती ओरडून म्हणाली. “पर कप कसा फेकू?”

“चहा राहू दे. साखरबाई, तू बारामतीला जाऊन राहा. पाणी बंद होईपर्यंत तरी.”

“लेक आन् त्येच्यासंगं कामाला असलेली तीन पोरं एका खोलीत ऱ्हात्यात. मी काय मोरीत झोपू?”

“तो दुसरी खोली बघतोय.”

“बगू दी. तवर पाणी बंद हुतंय.” ती दम खायला थांबली. बोलताना थांबणारी साखरबाई मी पहिल्यांदा पाहत होते. मग तिनं शेजारी बसलेल्या गेणूकडं बोट केलं. “आन् ह्येचं काय करू? एकटा ऱ्हायला का नुसत्या मिरचीसंगं भाकरी खातो. ती बी मेंढरान्ला इचारून.”

गेणूनं मान वर केली नाही. तो पाण्याकडं बघत होता. मी त्याला हाक मारून म्हणाले, “गेणू, तू तरी सांग तिला. दोन वेळा चुकवलं तर जिवावर बेतेल.”

“जिवावर बेतंल,” तो म्हणाला, म्हणजे ओठ तसे हलले. मग उठला आणि तिला म्हणाला, “सोमवारी मी तुला खांद्यावर न्हेतो.”

“न्हे,” ती म्हणाली. “कुनी म्हणंल, म्हातारपणी थेर सुचलं.”

सोमवारपर्यंत वेळ आली नाही. रविवारी सकाळी, मेंढरं सोडायच्या वेळेला, तिला श्वास लागला. पुढचं मला झुंबरनं सांगितलं.

एकशे आठची गाडी लवकर आली. गावाच्या बाजूनं आली, फाट्यापाशी थांबली. आतले डॉक्टर उतरले आणि पलीकडं बाजेवर बसून धापा टाकणाऱ्या साखरबाईकडं बघत राहिले. झुंबर गाडीबरोबर आला होता, तो तसाच कपड्यांसकट पाण्यात उतरून पलीकडं गेला. गेणू म्हणाला, तिला असंच डोक्यावर धरून पाण्यातनं नेऊ. डॉक्टरांनी अलीकडून दोन्ही हात हलवून नको म्हणून सांगितलं. हात सुटला तर संपलं. पुलापर्यंत आणा, आम्ही तिकडून येतो, असं ते ओरडले.

शंभूराज बारामतीहून निघाला होता, पोचला नव्हता. भावकीतली माणसं ऊस भिजवायला लांब गेलेली. म्हणून पुन्हा दोघंच: मागं झुंबर, पुढं गेणू. आणि गेणू पुन्हा उलटाच चालत होता. भरावाच्या त्या वाटेनं, पाइपांवरून, पाठ पुलाकडं करून. फाट्याच्या दुसऱ्या काठानं गाडी त्यांच्या चालीनं चालली होती, दिवा फिरत होता. जिथं रस्ता काठापासून लांब जायचा तिथं ती उसाआड जायची, मग पुन्हा दिसायची.

“दोन्हीकडनं वरात निगाल्यावाणी हाय,” साखरबाई म्हणाली. झुंबरला ते ऐकू आलं. त्यानंतर ती काही बोलली नाही.

पूल दिसायला लागला होता. गाडी पुढं जाऊन पुलावर थांबली होती आणि डॉक्टर स्ट्रेचर घेऊन भरावावरून खाली पळत येत होते. गेणू थांबला.

“झुंबर, खाली ठेव,” तो म्हणाला.

तिचं तोंड त्याच्याकडं होतं. झुंबरला फक्त डोक्याचा मागचा भाग दिसत होता, त्यामुळं त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, “तात्या, आला की पूल.” गेणू पुन्हा म्हणाला, “ठेव.”

जूनच्या शेवटी अर्थसंकल्प आला. मी तो टीव्हीवर पाहिला. बरीच मोठमोठी नावं घेतली गेली, छोट्या पुलांची नावं अशा ठिकाणी कुणी घेत नाही. पण त्या तरुण साहेबांनी शब्द पाळला. पहिल्या यादीत वरकुट्याचा पूल होता. मध्ये विधानसभेची आचारसंहिता आली, मग काम निघालं आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण झालं. चांगला पूल आहे. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन जातो, झुंबरची रिक्षा वस्तीच्या पार टोकापर्यंत जाते. काम चालू असताना ठेकेदाराचा माणूस बापूसाहेबांना सहज म्हणाला होता की जुनी फरशी असती तर मशीननं अर्ध्या तासात काढली असती. बापूसाहेबांनी हे मला सांगितलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानंतर ते कचेरीच्या कामांतून हळूहळू बाजूला झाले.

वस्तीवर गेणूला कुणी कधी काही बोललं नाही. झुंबरसुद्धा नाही, आणि त्याला बोलायचा हक्क होता. फरशी मोडायला हात सगळ्यांचे लागले होते, आणि लागलेलं पाणी तोडत नाहीत हे सगळ्यांनाच पटलं होतं. पण न बोलणं हेही माणसाला ऐकू येतं. गेणू पाटावर दारं धरायला जाईनासा झाला. त्याच्या पाळीचं पाणी दुसरं कुणीतरी त्याच्या उसाला लावून द्यायचं.

वस्ती सोडून जाण्याआधी तो माझ्याकडं आला होता. मेंढरं जेजुरीकडच्या एका पाहुण्याला दिली, म्हणाला. चहा पुढं ठेवला तसा राहिला. त्यानं विचारलं, “बाई, एक सांगा मला. सरकारचं पाणी कुनाच्या हातात असतंय? तितं पाटकरी कोण?”

मी विचार केला. वर्गात असते तर फळ्यावर आकृती काढली असती: विधिमंडळ, वित्त विभाग, जिल्हा, तालुका. मी म्हणाले, “असा एक माणूस नसतो, गेणू.”

“असा एक माणूस नसतो,” तो हलक्या आवाजात म्हणाला. त्यानं ते आणखी एकदा म्हणून बघितलं. मग उठला.

आता तो बारामतीत शंभूराजबरोबर राहतो. शंभूराजनं तेव्हा साखरबाईसाठी पाहून ठेवलेली खोली त्यांनी पुढं घेतली. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मागच्या फाटकावर गेणू दिवसपाळीचा पहारेकरी आहे. गाड्या आल्या की दांडा वर करतो, गेल्या की खाली घेतो. गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी तो दोघांचे कपडे धुतो आणि भाकरी करतो.